दगडफुलावरचा पाहुणा

मित्रांनो, काळा मसाला करताना तुमच्या घरी दगडफूल घालतात ना? आमच्या घरी पण घालतात. आजी वैजापूरच्या बाजारातून पुडी आणते. ते वरून राखाडी, खालून काळे आणि चुरगळलेल्या कागदासारखे असते. मी आजीला विचारले, "हे कोणत्या झाडाचं फूल?" आजी म्हणाली, "झाडाचं नाही रे, दगडाला येतं." पण गुरुजी म्हणाले, ते फूलच नाही! आणि ते दगडावर येते तसे झाडाच्या सालीवरही येते.

दगडफूल म्हणजे दोघांचा संसार आहे. एक बुरशी आणि एक शेवाळ. पुस्तकात शेवाळाला शैवल आणि बुरशीला कवक म्हणतात. दोन्ही मिळून झाले शैवाक. बुरशी घर बांधते आणि पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हात अन्न तयार करते. आपल्याकडे निम्म्या वाट्याने शेती करतात, एकाची जमीन आणि एकाचे कष्ट, तसेच हे. स्वित्झर्लंडच्या श्वेंडेनर नावाच्या शास्त्रज्ञाने १८६७ साली हे सांगितले, तेव्हा पुष्कळ मोठ्या माणसांना पटलेच नाही. आता पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असे खूप नमुने वाळवून जपून ठेवले आहेत.

खरी गंमत पुढेच आहे. या दोघांच्या घरात कधी कधी तिसरा पाहुणा येऊन राहतो. ती पण बुरशीच, पण वेगळ्या जातीची आणि फारच बारीक. टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात, कधी तेवढे पण नाही. नीट बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. जगात अशा पाहुण्यांच्या सुमारे २००० जाती सापडल्या आहेत. काही जाती दगडफुलाला मारून टाकतात. पुष्कळ जाती फारसा त्रास न देता राहतात. काही तर इतक्या लबाड, की दुसऱ्याचे शेवाळ पळवून स्वतःच शैवाक बनतात!

हे ऐकून मला पाहुणा बघायचाच होता. शाळेमागच्या खडकावर पांढुरके डाग आहेत, ते पण शैवाकच. मी खिळ्याने एक डाग खरवडला. भिंगातून नुसती भुकटी दिसली. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "असे काही डाग वर्षाला एक मिलिमीटर पण वाढत नाहीत. पट्टी घे आणि मोज." रिकामी जागा २० मिलिमीटर रुंद भरली. मधून कडेपर्यंत १०. वर्षाला अर्धा मिलिमीटर धरला तर २० वर्षे झाली. मी १० वर्षांचा. म्हणजे माझ्या दुप्पट वयाचा डाग मी एका मिनिटात पुसून टाकला. मला फार वाईट वाटले.

आता मी खडकाकडे जाताना भिंग नेतो, खिळा नेत नाही. तुम्ही पण या. पाऊस पडल्यावर बघा, ओले डाग जास्त हिरवे दिसतात, कारण आतले शेवाळ दिसू लागते. आणि आईबाबांनो, आज घरी गेल्यावर मसाल्याचा डबा उघडून एक दगडफूल जरूर हातात घेऊन बघा!

इयत्ता चौथी