जुने कपाट घासताना श्वास सांभाळा

जयंती किंवा घरातले लग्न जवळ आले की वस्तीत रंगाचे डबे आणि पॉलिश पेपर दिसू लागतात. नवे कपाट परवडत नाही, मग जुनेच घासून रंगवायचे. ते चांगलेच आहे. सागाचा जुना दिवाण आजच्या प्लायवूडपेक्षा केव्हाही टिकाऊ. शिवाय आपल्यातले कितीतरी जण रोज फर्निचर पॉलिशच्याच कामावर जातात. पण घासताना उडालेला भुसा दहा बाय बाराच्या खोलीत कुठे जातो, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

डोळ्यांना दिसणारा जाड भुसा खाली बसतो. त्रास होतो तो न दिसणाऱ्या बारीक भुशाचा. तो बराच वेळ हवेत तरंगतो आणि श्वासाबरोबर आत जातो. शिंका, चोंदलेले नाक, खोकला, कोणाला दमा. सागाच्या किंवा शिसवीच्या भुशाने काहींच्या अंगाला खाजही सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाची गणना कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. हा कर्करोग नाकाच्या पोकळीचा व सायनसचा. तो विरळा आहे, आणि धोका असतो वर्षानुवर्षे भुशात काम करणाऱ्यांना. वर्षातून एकदा कपाट घासणाऱ्याने घाबरू नये. रोजच्या कारागिराची एकच नाकपुडी कायम चोंदत असेल, तिच्यातून वारंवार रक्त येत असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवावे आणि आपण काय काम करतो ते स्वतःहून सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

घरासाठी मोठा धोका मात्र लाकडाचा नाही, जुन्या ऑइल पेंटचा आहे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ चा, आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः भडक पिवळ्या आणि लाल रंगात, शिसे भरपूर असू शकते. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ फरशीवर, अंथरुणावर, पाण्याच्या भांड्यावर बसते. रांगते मूल हात तोंडात घालते. शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, अभ्यासात मागे पाडते, आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही. गरोदर बाईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत जाते. म्हणून घासकाम चालू असताना मुले व गरोदर बायका शेजारी किंवा नातेवाइकांकडे असाव्यात.

जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो खरवडूच नका. साबणाच्या पाण्याने धुवा, वॉटर पेपर ओला करून वरची चमक मारा आणि त्यावरच नवा रंग द्या. ओल्या कामाला विजेचे मशीन लावू नये. ब्लो-लॅम्पने रंग जाळणे तर नकोच, त्या धुरातही शिसे असते.

रंग नसलेले कोरे लाकूड कोरडेच घासावे लागते. ते खोलीबाहेर, मोकळ्या हवेत. पेपरचा नंबर लहान तितका तो खरखरीत: ८० पासून सुरुवात, मग १२०, १८० आणि शेवटी २२०. हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवा. आडवा घासलेला ओरखडा पॉलिशनंतर उठून दिसतो आणि पुन्हा घासायची वेळ येते; म्हणजे भुसाही दुप्पट.

तोंडाला बांधलेला रुमाल बारीक भुसा अडवत नाही. एन-९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा. काही कारागीर काम संपल्यावर गुळाचा खडा खातात, त्याने भुसा उतरतो म्हणतात. पण गूळ जातो पोटात, भुसा जातो फुप्फुसात. आवडत असेल तर खुशाल खा, मास्क काढून.

काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. कपडे बाहेरच झटका आणि वेगळे धुवा. बाळाला उचलण्याआधी हात-तोंड साबणाने धुवा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून ठेवा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर भुशावर ढकलून बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची क्षयरोग तपासणी मोफत होते. इमारतीच्या साइटवर सुतारकाम करणाऱ्यांनी वर्षात ९० दिवस काम भरले असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीही करून घ्यावी.