बुळबुळीत थर: शोषखड्ड्यात मित्र, माठात शत्रू

नवापूर रंगावलीच्या काठावर वसले आहे आणि रंगावली पुढे तापीला मिळते. आपल्या मोरीचे, संडासाचे पाणी उतार धरून तिकडेच जाते. वाटेत ते थोडेफार स्वच्छ होत असेल, तर ते एका बुळबुळीत थरामुळे. सांडपाण्यातल्या दगडाला हात लागला की किळस येते, तोच हा थर.

त्याला आपण शेवाळ म्हणतो, पण तो बहुतांशी जिवाणूंचा असतो. जिवाणू दगडाला चिकटतात, चिकट द्रव सोडतात आणि त्यातच वस्ती करतात. वरच्यांना हवा मिळते, तळच्यांना मिळत नाही. दोघांची कामे वेगळी. वरून पाणी सावकाश गेले की त्यात विरघळलेली घाण ते खातात. पाणी वेगाने वाहिले तर त्यांना वेळच मिळत नाही, म्हणून उघड्या गटारात पाणी फारसे सुधारत नाही.

नागपूरच्या नीरी संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धत याच तत्त्वावर चालते. खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस अशी झाडे लावतात आणि गाळ बसवलेले सांडपाणी खडीतून झिरपू देतात. खडीवर, मुळांवर थर धरतो. वीज फारशी लागत नाही. ते पाणी बागेला चालते, पिण्याला नाही.

आपल्या शोषखड्ड्यातले दगड-माती लहान प्रमाणात हेच करतात. म्हणून संडासात ॲसिड-फिनेलच्या बाटल्या रिकाम्या करू नयेत. भांडे चमकते, पण खालचे जिवाणू मरतात. ब्रश आणि साबणाचे पाणी पुरे.

हाच थर पिण्याच्या माठात धरला तर मात्र घातक. क्लोरीनचे थेंब पाण्यातले जंतू मारतात, थराच्या आत नीट पोहोचत नाहीत. आधी माठ आतून घासा, मग पाणी भरून थेंब टाका.

आता सेप्टिक टँक. तिथे हवेवाचून जगणारे जिवाणू विषारी वायू तयार करतात. दोन-तीन वर्षांनी गाळ काढावा लागतो, तो यंत्रानेच. या कामाला कोणाच्या पोराला बोलावतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूत वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले आहे. टाकी भरत आली की नगरपरिषदेकडे मैला उपसणाऱ्या गाडीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.