लाट कोठून येते?

वैशाखांतील एखादी सकाळ असावी. वेळणेश्वरच्या पुळणीवर वाऱ्याची झुळूकही नसते. माडाची झावळी हालत नाहीं, आणि घराघरांतील चुलींचा धूर सरळ वर जातो. अशा वेळीं समुद्र तळ्यासारखा निवांत असावा असें कोणासही वाटेल. पण तसें नसतें. क्षितिजाकडून एकामागून एक लांब, गुळगुळीत लाटा सरकत येतात, किनाऱ्याजवळ उभ्या राहतात, क्षणभर कांचेसारख्या हिरव्या दिसतात आणि कोसळतात. गुहागर तालुक्यांतील हें गांव दूरदूरच्या पाहुण्यांस आतां चांगलें परिचित झालें आहे. शंकराचें दर्शन घ्यावें आणि माडांच्या सावलींत बसून लाटा पाहाव्या, ह्यांत त्यांचा दिवस सहज निघून जातो. परंतु वारा नसतांना ह्या लाटा उठवितो कोण, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनांत येतो.

पहिली गोष्ट ही कीं, लाटेबरोबर पाणी येत नाहीं. लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे एखादा नारळ तरंगत असेल, तर श्रोत्यांनीं त्याजकडे थोडा वेळ लक्ष द्यावें. लाट आली कीं तो वर चढतो व थोडा पुढें येतो. लाट गेली कीं खालीं उतरतो व मागें जातो. शेंकडो लाटा त्याच्याखालून निघून जातात, आणि नारळ बहुधा जेथल्या तेथेंच! भाताच्या शेतावरून वारा वाहूं लागला म्हणजे ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत हिरवी लाट धांवतांना दिसते, पण एकही रोप आपली जागा सोडीत नाहीं. समुद्राचेंही तसेंच आहे. पाण्याचा प्रत्येक कण लहानसें वर्तुळ फिरून जवळजवळ स्वस्थानीं परत येतो. पुढें जाते ती केवळ शक्ति. हीं वर्तुळें खोलीबरोबर लहान होत जातात, आणि दोन लाटांच्या माथ्यांमध्यें जितकें अंतर असेल त्याच्या निम्म्या खोलीवर पाणी जवळजवळ स्तब्ध असतें.

ही शक्ति वाऱ्याची खरी, परंतु ती वेळणेश्वरच्या वाऱ्याची नव्हे. वारा किती वेगानें वाहिला, किती वेळ वाहिला आणि किती लांबरुंद पाण्यावरून वाहिला, ह्या तीन गोष्टींवर लाटेचें मोठेपण ठरतें. ह्या तिन्ही गोष्टी दक्षिण महासागरांत मुबलक आहेत. दक्षिण अक्षांश ४० च्या पलीकडे पृथ्वीला वेढा घालणारें पाणीच पाणी आहे. वाऱ्याला अडवावयास तेथें जमीन जवळजवळ नाहींच. तेथें वादळ उठलें कीं लाटा जन्मास येतात आणि वादळ मागें टाकून उत्तरेस निघतात. सोळा सेकंदांनीं एक येणारी लाट घेतली, तर खोल समुद्रांत तिच्या दोन माथ्यांमधील अंतर सुमारें १,३०० फूट भरतें. माथा ताशीं सुमारें ५६ मैल धांवतो. परंतु अशा लाटांचा तांडा, म्हणजे त्यांची एकंदर शक्ति, मात्र निम्म्या वेगानेंच पुढें सरकतो. अक्षांश ४५ दक्षिणेपासून वेळणेश्वरपर्यंत चार हजारांहून अधिक मैल होतात. तांडा ताशीं २८ मैलांनीं चालला, तर त्याला सहासात दिवस लागतात. ज्या सकाळीं वेळणेश्वरास झावळी हालत नाहीं, त्या सकाळीं पायाशीं फुटणारी लाट गेल्या आठवड्यांतील वादळाची असूं शकते.

हें कोणास कविकल्पना वाटेल. पण ह्याची मोजणी झालेली आहे. १९६३ सालीं वॉल्टर मंक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत पॅसिफिक महासागरांत मोजणीचीं ठाणीं मांडलीं. दक्षिणेकडील वादळांच्या लाटा एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर पोंचतांना त्यांनीं पाहिल्या, आणि हजारों मैल चालूनही त्या फारच थोड्या क्षीण होतात असें दाखवून दिलें.

इतका प्रवास निमूटपणें करणारी लाट किनाऱ्याजवळ येऊन एवढी गर्जना कां करते? कारण तिला तळ लागतो. पाणी उथळ होऊं लागलें कीं तिची गति मंदावते. मागच्या लाटा पुढच्यांच्या जवळ येतात, लांबी आखडते आणि उंची वाढते. पांच फूट खोल पाण्यांत सुमारें चार फुटांची लाट आली कीं तिचा तोल जातो. माथा पायथ्यापुढें धांवतो आणि कोसळतो. चार हजार मैल जपून आणलेली शक्ति ती अखेरच्या कांहीं हातांत उधळून देते. उंची दुप्पट झाली तर ही शक्ति चौपट होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. डोळ्यांना जो फरक थोडा वाटतो, तो अंगाला थोडा लागत नाहीं.

लाटेचा जो भाग उथळ पाण्यांत आधीं शिरतो तो आधीं मंदावतो, आणि त्यामुळें लाट वळते. समुद्रांत पुढें आलेल्या खडकाभोंवतीं ती दोन्ही बाजूंनीं वळून जोर एकवटते. आंत वळलेल्या पुळणीवर तोच जोर पसरून जातो. वेळणेश्वरचा अर्धचंद्राकृति किनारा सौम्य आहे तो अशा कारणानें, आणि तेथून जवळच दक्षिणेस हेदवीचा खडक रौद्र आहे तोही त्याच कारणानें.

हेदवीस समुद्रकांठीं उमामहेश्वराचें देऊळ आहे. त्याच्याजवळच काळ्या कातळांत एक अरुंद व लांब चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. नांवामागें एका ब्राह्मणाच्या तींत पडून झालेल्या मृत्यूची कथा सांगतात. ओहोटीच्या वेळीं ही जागा पाहून पाहुण्यांची निराशा होते, कारण तेव्हां तेथें ओल्या खडकाखेरीज कांहीं नसतें. भरतीस यावें. रुंद तोंडानें आंत शिरलेली लाट दोन भिंतींमध्यें आवळली जाते. तिला बाजूस जागा नाहीं, मागें दुसरी लाट लोटते आहे. मग तिला एकच वाट उरते, ती म्हणजे वर. आधीं कातळाच्या पोटांतून तोफेसारखा धमाका ऐकूं येतो आणि पाठोपाठ पांढरा स्तंभ दोन पुरुषांहून उंच उसळतो. त्या आवाजांत पाण्याइतकाच हवेचाही भाग असतो. भेगांत कोंडलेली हवा लाट आली कीं दाबली जाते, आणि लाट मागें हटली कीं एकदम फुगते. अशा ठोक्यांनीं खडकाची भेग वर्षानुवर्षें रुंदावते.

कोंडलेल्या हवेच्या ह्या दाबापासून मनुष्यानें वीजही काढली आहे. केरळांत विझिंजम येथें मद्रासच्या आय.आय.टी.नें १९९१ सालीं १५० किलोवॅटचें एक केंद्र उभारलें. खालून उघड्या अशा मोठ्या पेटींत लाट वरखालीं होई, वरची हवा नळींतून ये-जा करी, आणि त्या हवेनें चक्र फिरे. तें केंद्र आतां चालत नाहीं, परंतु त्याची युक्ति बामणघळीचीच होती असें म्हणावयास हरकत नाहीं.

मोठी लाट सातवी असते, असें पुष्कळ जण सांगतात. सातव्याचा नेम नाहीं; परंतु त्या समजुतींत तथ्य आहे. भिन्न लांबीच्या लाटा एकत्र चालत असतां कधीं त्यांचे माथे जुळतात आणि कधीं एकीचा माथा दुसरीच्या खळग्यांत पडतो. म्हणून मोठ्या लाटा चारपांच मिळून येतात आणि मध्यें कांहीं मिनिटें शांतता असते. घात होतो तो ह्या शांततेंत. बामणघळीच्या कडेवर छायाचित्रासाठीं मनुष्य पुढें सरकतो तो तेव्हांच.

पुळणीवर धोका निराळा आहे, आणि तो सौम्य किनाऱ्यासही सुटलेला नाहीं. फुटलेल्या लाटांनीं किनाऱ्याशीं लोटलेलें पाणी कोठून तरी परत गेलें पाहिजे. वाळूंत जेथें खोलगट वाट असेल तेथून तें ओढीनें समुद्राकडे धांवतें. त्या वाटेवर पाणी खोल असल्यामुळें लाटा कमी फुटतात, फेस दिसत नाहीं, आणि नवख्यास तीच जागा पोहण्यास शांत वाटते! तींत सांपडलेला मनुष्य सरळ किनाऱ्याकडे हात मारीत राहतो, थकतो आणि बुडतो. ही ओढ बहुधा अरुंद असते. त्यानें किनाऱ्यास समांतर असें थोडें पोहलें, तर तो तींतून बाहेर पडतो. पोहण्याची ताकद नसेल तर नुसतें तरंगत राहून हात वर करावा. पाण्यांत उतरण्यापूर्वीं पाव तास किनाऱ्यावर बसून लाटा पाहाव्या, म्हणजे मोठ्या लाटांची पाळीही कळते आणि फेस नसलेली वाटही दिसते. आश्चर्य हें कीं, एवढ्या दुरून लाटा पाहावयास आलेल्यांना हा पाव तास जड वाटतो.

दक्षिणेकडील लाटा कधीं फारच जोरानें येतात. मल्याळी लोक त्यांस कल्लकडल म्हणतात, म्हणजे चोरपावलांनीं येणारा समुद्र. हैदराबादेस महासागराची माहिती देणारी जी सरकारी संस्था आहे, ती अशा लाटांची सूचना आतां आगाऊ देते.

सूचनेवांचूनही एक खूण पाहतां येते. लांब लाटांची चाल अधिक वेगाची असल्यानें त्या दूरच्या वादळाहून आधीं पोंचतात. हातीं घड्याळ घेऊन एका लाटेपासून दुसरीपर्यंतचे सेकंद मोजले, तर पहिल्या दिवशीं अठरा भरतात, मग सोळा, आणि पुढें चौदा किंवा तेरा. ही मोजणी सकाळींच करावी. दुपार झाली कीं खुद्द वेळणेश्वरचा वारा सुटतो, आणि चारपांच सेकंदांच्या त्याच्या आंखूड लाटांखालीं दूरचे ते पाहुणे दिसेनासे होतात.