डोंगरवाटेची शिस्त

सुटीचे दिवस आले की अनेकांची पावले डोंगराकडे वळतात. पंधरा-वीस जणांचा मेळा, प्रत्येकाच्या पाठीवर शिदोरी, पुढे वाट जाणणारा वाटाड्या आणि दिवसभराची चाल, असे या प्रवासाचे स्वरूप असते. यालाच गिरिभ्रमण म्हणतात. वरवर पाहणाऱ्यास ही निव्वळ मौजेची सहल वाटते. परंतु डोंगरात दहाजणांनी मिळून चालणे ही एक विद्या आहे. तिचे नियम साधे आहेत, पण ते मोडणाऱ्यास डोंगर सहसा क्षमा करीत नाही.

हे नियम समजून घेण्यासाठी आपण हरिश्चंद्रगडाची वाट डोळ्यांसमोर आणू. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर हा गड उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून १४०० मीटरांहून अधिक आहे. पुणे जिल्ह्यातील खिरेश्वर या गावाहून निघाले की रानातील वाट तोलार खिंडीत येते. खिंडीतून उघडा कातळ चढावा लागतो. त्यानंतर विस्तीर्ण पठार लागते आणि लहानमोठे उंचवटे ओलांडीत आपण हरिश्चंद्रेश्वराच्या प्राचीन मंदिरापाशी येतो.

या वाटेवर चढ आणि सपाटी आळीपाळीने का येतात, याचे उत्तर भूगर्भात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील भूमीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. त्याचे थरावर थर साचून थिजले. त्यांतील कठीण थरांचे कडे झाले. ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार व पठारे झाली. म्हणून सह्याद्री चढणे म्हणजे प्रचंड पायऱ्यांचा जिना चढण्यासारखे आहे. एक पायरी चढून सपाटीवर आलो की शिखर जवळ आले असे वाटते. प्रत्यक्षात पुढली पायरी आपली वाट पाहत असते. अशा भूमीवर आरंभी उत्साहाने धावणारा मनुष्य दुपारी दमून बसतो. ज्या गतीने चालत असता शेजाऱ्याशी सुखाने बोलता येते, तीच डोंगरातील योग्य गती होय.

आता समूह कसा चालतो ते पाहू. सर्वांच्या पुढे वाटाड्या असतो आणि सर्वांच्या मागे एक अनुभवी माणूस. या दोघांच्या मध्ये इतरांनी चालावयाचे. वाटाड्याच्या पुढे कोणी जाऊ नये व शेवटच्या माणसाच्या मागे कोणी राहू नये, हा पहिला नियम. दुसरा नियम विश्रांतीचा आहे आणि तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

समजा, वीस जणांची रांग डोंगर चढत आहे. पुढचे चपळ लोक एका झाडाखाली पोहोचतात आणि बसतात. सर्वांत मागचा माणूस दहा मिनिटांनी तेथे येतो. त्याला पाहताच पुढचे म्हणतात, “आले सगळे, चला निघू!” दिवसभरात असे सहा थांबे झाले, तर पुढच्यांना एक तास विश्रांती मिळाली आणि मागच्याला मुळीच मिळाली नाही. ज्याला विसाव्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वाट्याला तो आला नाही! तो अधिकाधिक थकतो, त्याचे अंतर वाढत जाते आणि अखेर त्याचा पाय घसरतो किंवा वाट चुकते. यात त्याचा दोष थोडा आणि समूहाचा अधिक. म्हणून जाणता वाटाड्या शेवटचा माणूस येऊन बसल्यावर विश्रांतीचा वेळ मोजू लागतो. मंद चालणाऱ्यांस तो आपल्या पाठोपाठ ठेवतो व त्यांच्या चालीने सर्वांस चालवितो. प्रत्येक थांब्यावर तो माणसे मोजतो, हे वेगळे सांगावयास नको.

एवढी काळजी कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. पावसाळ्यातील हरिश्चंद्रगडाचे पठार हेच त्याचे उत्तर आहे. आकाश निरभ्र असता तेथील वाट सोपी भासते. पण क्षणार्धात दाट धुके उतरते आणि दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. एक उंचवटा दुसऱ्यासारखा दिसू लागतो. गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा माणसांच्या पायवाटेत मिसळतात आणि चुकलेल्यास भलतीकडे नेतात. त्यातच पाऊस व वारा सुरू झाला, की थंडीचे संकट ओढवते. बर्फ पडले तरच माणूस गारठून मरतो, ही समजूत चुकीची आहे. ओल्या कपड्यांतून वारा अंगातील उष्णता झपाट्याने हिरावून नेतो. शरीर प्रथम थरथरते, पुढे बोलणे अडखळते, बुद्धी मंदावते आणि माणसाला आपण संकटात आहोत हेही उमगत नाही. पावसाळ्यात वाट चुकून उघड्यावर रात्र काढावी लागल्याने या गडावर माणसे प्राणांस मुकली आहेत. सोबत्याची अडखळती बोली सोबत्यानेच ओळखावयाची असते. एकट्याला ते साधत नाही. अशा वेळी त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत आणि त्याच्याभोवती दाटीने बसावे. वाट चुकल्याचे ध्यानात येताच भटकत न राहता सर्वांनी एकत्र थांबणे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

वाटाड्याचे खरे मोल येथे कळते. पायथ्याच्या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. तेथील माणसांनी बालपणापासून या रानात गुरे चारलेली असतात. उन्हाळ्यात कोणत्या टाक्याचे पाणी टिकते, कोणता कातळ शेवाळाने निसरडा होतो, आग्या मोहोळ कोठे लटकते आणि तेथे धूर व गलका का करू नये, हे त्यांना ठाऊक असते. ढगांचा रंग पाहून असा वाटाड्या म्हणतो, “आज पुढे जाणे नको.” शिखर हाकेच्या अंतरावर असता हे वाक्य ऐकणे कुणालाही आवडत नाही. तरी ते ऐकावे. गड उद्याही तेथेच असतो.

नियम पाळून वर पोहोचलेल्यास गड भरभरून देतो. मंदिराजवळच केदारेश्वराची लेणी आहे. तिच्यात कमरेइतक्या थंडगार पाण्यात भव्य शिवलिंग आहे. त्याच्या भोवतालच्या चार खांबांपैकी एकच आज अखंड उभा आहे. पश्चिमेस कोकणकडा आहे. हा विशाल कडा अर्धवर्तुळाकार असून मध्यभागी आत वळलेला आहे. खालून वर येणारा वारा इतका जोरदार असतो, की हलकी वस्तू खाली टाकली तर ती परत वर येते. सूर्य पाठीशी आणि धुके समोर असेल, तर कधी कधी येथे इंद्रवज्र दिसते. धुक्यावर आपली सावली पडते व तिच्याभोवती सप्तरंगी वर्तुळ उमटते. कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात या दृश्याचे वर्णन केले आहे. कड्याच्या टोकाशी मात्र कोणी उभे राहू नये. दुरूनही त्याची भव्यता तिळभर उणी होत नाही.

परतीची वाट पाचनईकडे उतरते. चढ संपला म्हणजे कष्ट संपले, असे मानून पुष्कळजण येथे बेसावध होतात. उतरताना शरीराचा भार मांड्यांना आणि गुडघ्यांना पेलावा लागतो. त्यात पाय आधीच थकलेले असतात. म्हणून लहान पावले टाकावीत आणि पुढच्याच्या अंगावर दगड सुटणार नाही, याची दक्षता घ्यावी. आपण नेलेला कागद वा डबा आपल्याच पाठीवरून खाली आणावा. गडावरचे पाणी गावकऱ्यांचे व त्यांच्या गुरांचेही आहे. ते नासविण्याचा अधिकार चार घटकांच्या पाहुण्यास नाही.

महाराष्ट्राला एकत्र चालण्याची विद्या नवी नाही. पंढरीच्या वाटेवरील दिंडीत म्हातारी माणसेही चालतात आणि त्यांना सांभाळून घेत दिंडी पुढे सरकते. डोंगरातही समूहाची थोरवी त्याच मापाने मोजावी. सर्वांत आधी शिखरावर कोण पोहोचला, याला तेथे फारसे महत्त्व नसते. सर्वांत मागचा माणूस संध्याकाळी हसतमुखाने गावात उतरला, की सहल यशस्वी झाली असे समजावे.