आठातले दोन गेले कुठे?

मार्चअखेर जवळ आली की राजगुरुनगरच्या बाजारपेठेत पेढ्यांवरचे दिवे उशिरापर्यंत जळत राहतात. जीएसटीची विवरणपत्रे, साठ्याची मोजदाद, येणे-देण्याच्या याद्या, असे सारे काम आता संगणकावर असते. अशा ऐन वेळी जुना संगणक साथ देईनासा होतो आणि नवा आणावा लागतो. पावतीवर स्वच्छ लिहिलेले असते, रॅम ८ जीबी. घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा पडद्यावर यंत्राची माहिती उघडतो आणि थबकतो. तेथे लिहिलेले असते, बसवलेली स्मृती ८.०० जीबी, त्यापैकी वापरण्याजोगी ५.९ जीबी.

गादीवर बसलेले काका चष्मा वर सारून विचारतात, “म्हणजे आठाचे पैसे मोजले आणि सहाही पुरते हाती आले नाहीत?” विक्रेत्याला फोन जातो. “काका, आठच बसवली आहे. हवी तर उघडून दाखवतो,” तो म्हणतो. “मग दोन गेली कुठे?” या प्रश्नाला त्या तरुणापाशी चटकन समजावता येईल असे उत्तर नसते. तो एवढेच सांगतो, “सगळ्यांनाच असे दिसते.” व्यापाऱ्याच्या कानाला याहून संशयास्पद वाक्य दुसरे नसते.

प्रसंग प्रातिनिधिक आहे, पण अनोळखी नाही. राजगुरुनगरसारख्या गावात विकणारा आणि विकत घेणारा एकमेकांपासून चार पावलांवर असतात. पर्युषणात एकाच स्थानकात शेजारी बसतात. दोन जीबीचा हिशोब न जुळल्यामुळे एखाद्या होतकरू दुकानदाराचे नाव गावभर खराब होऊ शकते. उलट, खरोखर कमी माल देणारा “असेच असते” म्हणून सहज सुटूही शकतो. म्हणून या फरकाचा हिशोब व्यापाऱ्याच्याच रीतीने, खाते उघडून, एक-एक रक्कम तपासून करणे योग्य ठरेल.

एकूण आणि निव्वळ

एकूण आणि निव्वळ हा भेद आपल्याला नवा नाही. चाकणच्या बाजारात कांदा विकून आलेल्या शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते, तिच्यात एकूण रक्कम वर असते, हमाली आणि तोलाई मध्ये असते आणि हाती येणारी रक्कम शेवटी असते. वरची रक्कम खोटी नसते आणि खालचीही नसते. राजगुरुनगरच्या वरच्या अंगाला भीमेवर चासकमान धरण आहे. धरणाच्या पाण्याची बातमी येते तेव्हा एकूण साठा आणि उपयुक्त साठा असे दोन आकडे येतात. दारांच्या पातळीखाली राहणारे पाणी धरणात असतेच, पण ते कालव्याला सोडता येत नाही. त्याला मृतसाठा म्हणतात.

संगणकाच्या स्मृतीचेही असेच आहे. बसवलेली स्मृती हा एकूण साठा आणि वापरण्याजोगी स्मृती हा उपयुक्त साठा. मधला फरक कोणत्या नावे खर्ची पडला, एवढेच शोधायचे असते.

पहिली वजावट : पडद्याचे चित्र

पडद्यावर जे दिसते ते रंगवण्याचे काम संगणकातला चित्रविभाग, म्हणजे ग्राफिक्सचा भाग करतो. त्यालाही चित्र मांडण्यासाठी स्मृती लागते. महागड्या संगणकात या कामासाठी वेगळे कार्ड असते आणि त्या कार्डावर त्याची स्वतःची स्मृती असते. पेढीवर किंवा घरी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकांत मात्र हा विभाग मुख्य प्रोसेसरमध्येच सामावलेला असतो. त्याला स्वतःची तिजोरी नसते. तो मुख्य तिजोरीतूनच रक्कम उचलतो आणि संगणक सुरू होतानाच, विंडोज जागे होण्यापूर्वी, ती आपल्या नावे राखून ठेवतो.

ही रक्कम किती, हे यंत्रागणिक बदलते. काही यंत्रांत ती अगदी थोडी असते, काहींत ५१२ एमबी, तर काहींत थेट २ जीबी. आता काकांचा हिशोब मांडून पाहावा. ८ जीबी म्हणजे ८,१९२ एमबी. त्यातून चित्रविभागाचे २,०४८ वजा केले की ६,१४४ एमबी उरतात, म्हणजे नेमके ६ जीबी. संगणकाच्या मूळ यंत्रणेसाठी आणखी शंभरएक एमबी राखीव जातात. शिल्लक राहते ५.९. आकडा जुळला. दोन जीबी कोणी नेले नाहीत. ते त्याच यंत्रात बसून पडदा रंगवीत आहेत.

पुष्कळ यंत्रांत ही राखीव रक्कम कमी करता येते. संगणक सुरू होताना जी मूळ मांडणी उघडते, तिला बायोस म्हणतात. तेथे जाणकार तंत्रज्ञ २ जीबीच्या जागी ५१२ एमबी ठरवू शकतो. मग वापरण्याजोगी स्मृती साडेसातच्या आसपास जाते. हिशोब आणि पत्रव्यवहार एवढेच काम असेल तर यात काही बिघडत नाही आणि पैसाही लागत नाही. काही लॅपटॉपमध्ये मात्र कंपनीने ही सोय दिलेली नसते.

दुसरी वजावट : पत्त्यांची मर्यादा

काही पेढ्यांवर जुन्या प्रोग्रॅमसाठी किंवा जुन्या प्रिंटरसाठी अजून ३२ बिटची विंडोज चालू असते. तेथे ४ जीबी बसवली तरी ३ ते ३.५ जीबीच्या दरम्यान काहीतरी दिसते. याचे कारण वेगळे आहे.

बँकेच्या लॉकरखोलीची कल्पना करावी. प्रत्येक लॉकरला क्रमांक असतो आणि क्रमांकाशिवाय लॉकर उघडता येत नाही. ३२ बिटच्या विंडोजपाशी असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक असतात, म्हणजे बरोबर ४ जीबीपुरते. पण हे क्रमांक केवळ स्मृतीला मिळत नाहीत. ग्राफिक्स, नेटवर्क, ध्वनी अशा उपकरणांशी बोलण्यासाठीही त्यातलेच काही क्रमांक द्यावे लागतात. जेवढे क्रमांक उपकरणांनी घेतले, तेवढे लॉकर क्रमांकाविना राहतात. लॉकर भिंतीत आहेत, पक्के आहेत, पण उघडता येत नाहीत.

येथे अनेकांचा पैसा वाया जातो. ४ जीबी पुरत नाहीत म्हणून आणखी ४ जीबी विकत घेतले जातात आणि आकडा जिथल्या तिथे राहतो. लॉकर वाढवून उपयोग नाही, क्रमांक वाढले पाहिजेत. त्यासाठी ६४ बिटची विंडोज लागते, आणि प्रोसेसर तिला चालणारा असावा लागतो. काही जुन्या यंत्रांत ६४ बिटची विंडोज घालूनही आकडा वाढत नाही; तेव्हा बायोसमधला मेमरी रीमॅप हा पर्याय चालू आहे का ते पाहावे. उपकरणांच्या क्रमांकांमागे अडकलेली स्मृती तो वरच्या, मोकळ्या क्रमांकांवर नेतो.

ही वहिवाट जुनीच आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीचा प्रोसेसर १,०२४ केबीपर्यंत पत्ते देऊ शकत असे. त्यातले ६४० केबी प्रोग्रॅमसाठी आणि ३८४ केबी पडदा व यंत्रणेसाठी राखीव होते. डॉसवर हिशोबाचे प्रोग्रॅम चालवलेल्या पिढीला हा ६४०चा आकडा आजही आठवत असेल. केबीचे जीबी झाले, पण राखीव जागेची पद्धत टिकून आहे.

तिसरी वजावट : परवान्याची आणि हातची मर्यादा

विंडोजची प्रत्येक आवृत्ती ठरावीक स्मृतीपर्यंतच वापर करू देते. ६४ बिटच्या विंडोज ७ मध्ये होम बेसिकची मर्यादा ८ जीबी आणि होम प्रीमियमची १६ जीबी होती. विंडोज १० होमची मर्यादा १२८ जीबी असल्याने पेढीवरच्या कामाला ती कधी आड येत नाही. मदरबोर्डलाही कमाल मर्यादा असते. ती त्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते आणि रॅम घेण्यापूर्वी पाहावी.

एक मर्यादा मात्र माणूस स्वतःच्या हाताने घालून घेतो. संगणक वेगवान करण्याचा उपाय म्हणून सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कमाल स्मृतीच्या चौकटीत खूण करावी, असा सल्ला अधूनमधून फिरत असतो. त्या चौकटीचा अर्थ नेमका उलटा आहे. ती स्मृती वाढवत नाही, तिच्यावर कुंपण घालते. आकडा अकारण कमी दिसत असेल तर ती खूण काढून संगणक पुन्हा सुरू करावा.

खरी तूट

येथपर्यंतच्या वजावटी हिशोबातल्या होत्या. खरी तूट वेगळी दिसते. १६ जीबीच्या जागी बरोबर ८ जीबी, किंवा ८ च्या जागी बरोबर ४ दिसली, तर एक अख्खी पट्टी मोजणीतच आलेली नाही असे समजावे. पट्टी खाचेत नीट बसलेली नसेल, संपर्काच्या जागी धूळ असेल, खाच बिघडली असेल किंवा पट्टी सदोष असेल. आणि पट्टी मुळात बसवलेलीच नसेल, हीही एक शक्यता आहे.

या सगळ्यांतून मार्ग काढण्यासाठी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अकरावीत शिकवलेले बँक जुळवणी पत्रक पुरेसे आहे. कीर्दीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक जुळत नाही, म्हणून कोणी लगेच बँकेवर आळ घेत नाही. न वटलेले धनादेश, बँकेने कापलेले शुल्क, थेट जमा झालेली रक्कम, अशी एक-एक नोंद लावून फरक शून्यावर आणला जातो. येथेही तीन आकडे घ्यावेत.

पहिला आकडा पावतीवरचा. दुसरा बायोस दाखवतो तो. तिसरा विंडोज दाखवते तो. पावती आणि बायोस यांत फरक असेल तर शोध खाचेत आणि पट्टीत घ्यावा. तेथे विक्रेत्याला यंत्र उघडून दाखवायला सांगणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. पट्टीवरच्या चिकटपट्टीवर तिची क्षमता छापलेली असते. बायोस आणि विंडोज यांत फरक असेल तर तो वजावटीचा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी पाहिले की खाली हार्डवेअर रिझर्व्हड असा आकडा दिसतो. राखीव रक्कम तीच. ती बसवलेल्यातून वजा केली की वापरण्याजोगी उरते. तेरीज जुळली.

एक गल्लत येथे टाळावी. हार्ड डिस्कच्या तुटीचे कारण निराळे आहे. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, पण तेथे काही राखून ठेवलेले नसते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. कच्चा शेर आणि पक्का शेर असा हा भेद आहे. या भेदावरून अमेरिकेत डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांवर ग्राहकांनी दावे लावले होते. वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये तडजोड केली. १,०२४ च्या मापाला वेगळे नाव असावे म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ साली किबी, मेबी, गिबी ही नावे ठरवली होती, पण बाजारात ती रुळली नाहीत. रॅमची पट्टी मात्र विकणारा आणि विंडोज दोघेही १,०२४ च्याच मापाने मोजतात. म्हणून रॅमची तूट मापाच्या फरकावर ढकलणारा विक्रेता एक तर अजाण असतो किंवा वेळ मारून नेत असतो.

दोन व्रते

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने हीनाधिकमानोन्मान सांगितला आहे, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. प्रत्येक व्यापारी घराला तो पाठ असतो. विक्रेत्याने त्याचे स्मरण ठेवावे. पावतीवर ८ जीबी लिहिताना यातील काही भाग पडद्यासाठी राखीव राहील, असे एक वाक्य आधीच बोलावे. माल पुरा दिला तरी समज पुरी दिली नाही, तर व्यवहार अर्धाच राहतो.

पण सत्य अणुव्रताच्या अतिचारांत आगमाने सहसाभ्याख्यानही सांगितले आहे, म्हणजे विचार न करता कोणावर खोटा आळ घेणे. अठरा पापस्थानकांतही अभ्याख्यान आहे. पहिला दोष बहुधा विकणाऱ्याच्या वाट्याला येतो, दुसरा विकत घेणाऱ्याच्या. गादीवर बसणाऱ्याने आयुष्यभर तराजूचा काटा पाहिलेला असतो, म्हणून आकडा कमी दिसताच त्याचे मन चोरीकडेच धावते. तेथेच थांबून तीन आकडे मांडावेत.

आठ आणि पाच पूर्णांक नऊ, दोन्ही आकडे आपापल्या अपेक्षेने खरे आहेत. अनेकान्ताचा अर्थ दोघांनाही मान डोलावणे असा नाही. कोणता आकडा कोणत्या अपेक्षेने खरा, हे तपासून पाहणे असा आहे. तपासाअंती खरेच अर्धी पट्टी कमी निघाली तर पावती पुढे करून ती भरून घ्यावी, त्यात संकोच नको. आणि हिशोब जुळला, तर संवत्सरीची वाट न पाहता त्याच संध्याकाळी चार पावले चालून त्या तरुण दुकानदाराला मिच्छामि दुक्कडम् म्हणून यावे.