आयटी कंपनीतील प्रशिक्षणार्थी भरती: अर्जापासून नेमणुकीपर्यंत

नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांना मोठ्या आयटी कंपन्या सहसा थेट कामाला लावत नाहीत. आधी प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यायचे, काही महिने शिकवायचे, परीक्षा घ्यायची आणि मगच प्रोजेक्टवर पाठवायचे, अशी पद्धत आहे. टीसीएसमध्ये या टप्प्याला ‘इनिशियल लर्निंग प्रोग्राम’ म्हणतात आणि त्याचे एक जुने केंद्र तिरुवनंतपुरमला आहे. इन्फोसिसचे प्रशिक्षण म्हैसूरच्या निवासी संकुलात चालते. नागपुरात मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालये आहेत, तर पर्सिस्टंटचे गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये आहे. कार्यालय गावात आहे म्हणून भरती मात्र गावातली नसते. ती देशपातळीवर होते आणि नागपूरच्या उमेदवाराला त्याच रांगेत उभे राहावे लागते.

या रांगेत शिरण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला कॅम्पसचा. व्हीएनआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई, रायसोनी अशा महाविद्यालयांत कंपन्या स्वतः येतात आणि टीपीओ, म्हणजे महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यामार्फत नावे जातात. कंपनी प्रत्येक महाविद्यालयात जाणार नसेल, तर अनेकांचा मिळून ‘पूल ड्राइव्ह’ होतो. दुसरा मार्ग ऑफ-कॅम्पसचा, म्हणजे उमेदवाराने कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करण्याचा. २०१८ मध्ये टीसीएसने देशभरासाठी एकच ‘नॅशनल क्वालिफायर टेस्ट’ सुरू केली आणि ज्यांच्या महाविद्यालयात कंपनी कधी फिरकत नाही त्यांच्यासाठीही दार उघडले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या मुलांसाठी हा बदल मोठा होता. बीसीए आणि बीएस्सीवाल्यांसाठी विप्रोचा नोकरी करता करता एमटेक करू देणारा कार्यक्रम आहे. एचसीएलचा ‘टेकबी’ तर बारावीनंतरच घेतो.

परीक्षेच्या तयारीवर शहरात क्लासेस भरपूर आहेत. अर्ज कसा भरावा हे मात्र फारसे कोणी शिकवत नाही. गुणवत्ता असलेली मुले इथेच नाहक गळतात. बहुतेक कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी या प्रत्येक पायरीवर ठरावीक गुण मागतात. ६० टक्के किंवा ६ सीजीपीए ही अट सर्रास दिसते. शिवाय चालू बॅकलॉग किती चालतील आणि शिक्षणात किती वर्षांचा खंड चालेल, हेही लिहिलेले असते. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने काढलेली असते. समजा, पाच विषयांत मिळून ३१० गुण आहेत आणि सहाव्यात ४२. गुणपत्रिका ६२ टक्के दाखवते. कंपनीने ‘सर्व विषयांची सरासरी’ मागितली असेल, तर मात्र ६०० पैकी ३५२, म्हणजे ५८.६७ टक्के होतात. ६२ लिहून अर्ज पुढे सरकतो, पण कागदपत्रांच्या पडताळणीत तोच आकडा खोटी माहिती ठरू शकतो. ५९.८ चे ६० करणेही त्यातलेच. सीजीपीएचे टक्के करायचे असतील, तर विद्यापीठाने दिलेलेच सूत्र वापरावे.

नावाचा घोळही आपल्याकडचा खास. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर बहुधा नाव आधी. पॅन कार्डावर कधी वडिलांचे नाव गाळलेले. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत आडनावही वेगळे. अर्जात कोणत्या कागदाप्रमाणे नाव हवे ते सूचनांत असते. ते आधी वाचावे आणि आधार-पॅनमधली तफावत अर्जाचा मोसम सुरू होण्याआधीच दुरुस्त करून घ्यावी. ऐनवेळी सेतू केंद्रावर धावपळ करून हे जमत नाही.

अर्ज मान्य झाला की ऑनलाइन परीक्षा. गणित, इंग्रजी आणि तर्क हा भाग, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘ॲप्टी’, सरावाने येतो. खरी निवड कोडिंगमध्ये होते. टीसीएसमध्ये निन्जा, डिजिटल, प्राइम अशा श्रेणी याच कामगिरीवर ठरतात आणि त्यांच्या पगारात मोठा फरक असतो. इथे चुकते कुठे, ते एका साध्या उदाहरणात दिसते. ‘यादीतली दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधा’ असा प्रश्न आहे. उमेदवार यादी चढत्या क्रमाने लावतो आणि शेवटून दुसरी संख्या छापतो. ४, ७, ९ या यादीला उत्तर ७ येते, बरोबर. पण परीक्षेचे यंत्र पडद्याआड ४, ७, ९, ९ अशी यादीही देऊन पाहते. तिथे हाच प्रोग्राम ९ छापतो आणि गुण जातात. दुसरी चूक त्याहून साधी आणि त्याहून जास्त होणारी. महाविद्यालयाच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘संख्या टाका’ असे वाक्य आधी छापायची सवय लागलेली असते. परीक्षेतले यंत्र उत्तर अक्षरशः ताडून पाहते, त्यामुळे ते जास्तीचे वाक्यही चूक ठरते.

मुलाखतीत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर हमखास प्रश्न येतात. चार जणांच्या गटात प्रोजेक्ट झालेला असतो आणि त्यात स्वतः काय केले हे सांगता आले नाही, तर रेझ्युमेवरच्या बाकी ओळींवरचा विश्वासही उडतो. विदर्भातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना विषय येतो, पण तो इंग्रजीत मोठ्याने सांगायची सवय नसते. व्याकरण घोटण्यापेक्षा आपला प्रोजेक्ट मित्रासमोर रोज दहा मिनिटे समजावून सांगणे याला अधिक उपयोगी पडते. गावाबाहेर जाण्याची आणि शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी आहे का, हेही विचारले जाते. उत्तर घरच्यांशी बोलून आधीच ठरवलेले असावे.

निवड करून देतो म्हणून ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागणारा फोन किंवा पत्र आले, तर ती फसवणूक समजावी.

ऑफर लेटर हातात आले म्हणजे नोकरी लागली, असे घरोघरी मानले जाते आणि पेढेही वाटले जातात. त्या पत्रातल्या अटी मात्र नीट वाचायला हव्यात. शेवटच्या सत्रात बॅकलॉग राहिला, तर ऑफर रद्द होऊ शकते. ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचा करार असू शकतो. रुजू होण्याची तारीख कंपनीच्या गरजेनुसार ठरते. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतल्या अनेकांना ऑफर दिली आणि त्यांतले कित्येक जण २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रुजू झाले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरमधील ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना बाहेर पडावे लागले. अंतर्गत परीक्षेसाठी तीन संधी मिळतात आणि त्यांत उत्तीर्ण न होणाऱ्यांना पुढे ठेवता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. दोन वर्षे वाट पाहिलेल्या मुलांच्या वाट्याला हे यावे, हे अन्यायाचेच होते. म्हणून ऑफर मिळाल्यानंतरच्या रिकाम्या महिन्यांत जावा किंवा पायथॉन आणि डेटाबेसचा अभ्यास थांबवू नये. दुसरीकडचे अर्जही चालू ठेवावेत.

प्रशिक्षणात प्रोग्रामिंग, डेटाबेस, चाचणी, गटाने करायचा छोटा प्रोजेक्ट आणि कार्यालयीन इंग्रजी असे विषय असतात. मधल्या परीक्षांचे गुण पुढच्या वाटपात मोजले जाऊ शकतात. त्यानंतर प्रशिक्षणार्थीचे ठिकाण ठरते. पसंती विचारली जाते, पण निर्णय प्रोजेक्टची गरज पाहून होतो. नागपूर लिहिले तरी हैदराबाद, चेन्नई किंवा पुणे मिळू शकते. प्रोजेक्ट मिळेपर्यंतचा काळ ‘बेंच’वर जातो. मिहानमध्ये परतायचे असेल, तर बदलीचा अर्ज नंतर करता येतो आणि तो तिथे जागा असेल तेव्हाच मंजूर होतो.