संगणकाची स्मरणशक्ती दगा देते तेव्हा

सकाळची ओपीडी सुरू झालेली असते, केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग दाराबाहेर गेलेली असते आणि नेमका तेव्हाच संगणकाचा पडदा निळा होतो. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि दहा मिनिटांनी तोच प्रकार घडतो. दुरुस्तीला आलेला माणूस ‘व्हायरस असेल’ म्हणत विंडोज नव्याने टाकून जातो. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पडदा पुन्हा निळा. मग हार्ड डिस्क बदलली जाते. पैसे जातात, दुखणे तसेच राहते. रुग्णालय असो, पतपेढी असो की घर, हे दृश्य अनेकांच्या ओळखीचे आहे.

ताप हा आजार नसून लक्षण आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. संगणक बंद पडणे हेही लक्षणच. त्यामागे बिघडलेला ड्रायव्हर, तापलेला प्रोसेसर, कमजोर पॉवर सप्लाय, खराब डिस्क किंवा सदोष रॅम, यांपैकी काहीही असू शकते. रॅमचा दोष सर्वात फसवा, कारण तो दरवेळी वेगळे रूप घेऊन येतो.

गळक्या माठांची रांग

रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. चालू काम तिच्यात राहते आणि वीज गेली की पुसले जाते. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा भार साठवणारा एक अतिसूक्ष्म कप्पा. भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०. हे कप्पे गळक्या माठांसारखे असतात. त्यांतला भार सतत झिरपतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. ८ जीबी रॅममध्ये असे सुमारे ६,८७० कोटी कप्पे असतात. त्यांतला एखादा प्रमाणाबाहेर गळू लागला, की १ चा ० होतो.

पुढे काय होईल, हे त्या कप्प्यात त्या क्षणी काय होते यावर ठरते. तिथे विंडोजची एखादी आज्ञा असेल तर मशीन कोसळते. छायाचित्र असेल तर एक ठिपका रंग बदलतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तिथे आकडा असेल तर? द्विमान पद्धतीत ४० म्हणजे ३२ अधिक ८. त्यातला ३२ चा बिट उलटला, की रुग्णाचे वय ४० ऐवजी ८ होते. पडदा निळा होत नाही, कुठलीही सूचना येत नाही. चुकीचा आकडा मुकाट्याने साठवला जातो. बंद पडणाऱ्या संगणकापेक्षा चुकीचे चालणारा संगणक अधिक धोक्याचा असतो, तो यामुळे.

२००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबेक येथे मतमोजणीत एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते पडलेली दिसली. जादा मते बरोबर ४,०९६ होती, म्हणजे दोनचा बारावा घात. तपासात प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही. एक बिट उलटला असावा, असाच निष्कर्ष निघाला.

क्षणिक आणि जुनाट

बिट उलटण्याची कारणे दोन प्रकारची. एक क्षणिक. १९७८ च्या सुमारास इंटेलच्या शास्त्रज्ञांना आढळले, की चिपच्या वेष्टनातील युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तयार होणारे न्यूट्रॉनही हे करतात. पेसमेकर असलेल्या कर्करुग्णाला रेडिओथेरपी देताना न्यूट्रॉन निर्माण करणारी उच्च ऊर्जा शक्यतो टाळतात, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरा प्रकार जुनाट दोषाचा. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये हजारो सर्व्हरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांमध्ये चुका आढळल्या आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त होती. म्हणजे दोष बहुधा आकाशातून येत नाही, तो पट्टीतच असतो.

निदान कसे करावे?

आधी इतिहास घ्यावा. दरवेळी त्याच ड्रायव्हरचे नाव दिसत असेल तर संशय ड्रायव्हरवर. जड काम करताना, पंखा घोंघावत असताना मशीन बंद पडत असेल तर उष्णतेवर. मात्र दरवेळी वेगळा संदेश, वेगळाच प्रोग्राम कोसळणे, विंडोज टाकतानाच अडणे, एकच झिप फाइल एकदा खराब तर एकदा नीट उघडणे, अशी लक्षणे असतील तर रॅम तपासावी.

विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही सोय आहे. अधिक कसून तपासायचे तर ‘मेमटेस्ट८६’ पेन ड्राइव्हवरून चालवतात. विंडोज चालू असताना रॅमचा काही भाग तिनेच व्यापलेला असतो, म्हणून तपासणी तिच्याबाहेर करावी लागते. हे प्रोग्राम प्रत्येक कप्प्यात ठरावीक नमुने लिहितात, पुन्हा वाचतात आणि ताडून पाहतात. चाचणी रात्रभर चालू द्यावी. एकही चूक आढळली तरी अहवाल दोषाचाच समजावा.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. मलेरियाचा संशय असताना एक रक्तनमुना निर्दोष आला म्हणून डॉक्टर निर्धास्त होत नाहीत, काही तासांनी पुन्हा नमुना घेतात. येथेही तसेच. काही दोष मशीन तापल्यावरच उघडे पडतात.

चूक सापडली तरी लगेच नवी रॅम घेऊ नये. वेग वाढवून ठेवला असेल तर बायोसमधील मूळ सेटिंग परत आणावी. संगणक बंद करून, वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी आणि पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. दमट हवेने आणि धुळीने संपर्कबिंदू खराब झालेले असतात, कधी तेवढ्यानेच काम भागते. नाहीतर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासावी. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिला तर मदरबोर्ड. पट्टी खराब निघाली तर जुने बिल शोधावे, अनेक पट्ट्यांना दीर्घ मुदतीची वॉरंटी असते.

आणि एक काळजी सर्वात आधी. संशय येताच त्या मशीनवर नोंदी करणे थांबवावे. जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नये, कारण सदोष रॅममधून गेलेली प्रतही सदोष असू शकते.

चूक सुधारणारी स्मृती

यावर उपाय जुना आहे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी संकेतपद्धती मांडली. त्याच तत्त्वावरील ‘ईसीसी’ रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. एक बिट उलटला तर तो दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळते. चांगल्या सर्व्हरमध्ये ती असतेच, साध्या डेस्कटॉपमध्ये बहुधा नसते. काटकसर म्हणून डेस्कटॉपलाच सर्व्हर करून त्यावर रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा. वाचलेल्या पैशांची किंमत एखाद्या रुग्णाच्या अहवालातील चुकीच्या आकड्याने मोजावी लागू शकते.